‘रॉजर ॲक्रॉइडचा खून’ : कादंबरीतील निवेदक आणि दूरचित्रवाणीवरील रूपांतर

रहस्यकथेविषयी लिहिताना तिचे रहस्य फोडू नये, हा संकेत वृत्तपत्रातील परिचयलेखाला शोभतो. अभ्यासाला तो पाळता येत नाही. प्रस्तुत टिपणात खुनी कोण हे लवकरच सांगावे लागणार आहे. ज्यांनी ॲगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ ही १९२६ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी अद्याप वाचली नसेल, त्यांनी हे टिपण बाजूस ठेवून आधी ती वाचावी, अशी त्यांस विनंती आहे. टिपण केव्हाही वाचता येईल. त्या कादंबरीचे पहिले वाचन मात्र एकदाच घडते.

इंग्लंडमधील आय. टी. व्ही. या वाहिनीवर १९८९ ते २०१३ या काळात हर्क्यूल पॉयरोच्या कथांची जी मालिका झाली, तीत या कादंबरीवरील भाग २ जानेवारी २००० रोजी दाखविला गेला. संहिता क्लाइव्ह एक्स्टन यांची, दिग्दर्शन अँड्र्यू ग्रीव्ह यांचे आणि पॉयरोची भूमिका अर्थातच डेव्हिड सूशे यांची. ज्या कादंबरीची सारी करामत निवेदकाच्या ‘मी’मध्ये साठविलेली आहे, ती पडद्यावर उतरणे मुळातच अशक्य, तेव्हा रूपांतरकारास दोष देण्यात अर्थ नाही, असा बचाव या भागाच्या बाबतीत करता येण्याजोगा आहे. वरवर पाहता तो समंजस वाटतो. आम्हांस तो मान्य होत नाही. या भागात जे हरवले आहे ते केवळ माध्यमाच्या मर्यादेमुळे हरवलेले नसून, ही एका खेड्याची कथा आहे याचे विस्मरण झाल्यामुळे हरवले आहे, असे आमचे म्हणणे आहे.

कादंबरीचे स्थळ किंग्ज ॲबट हे इंग्लंडमधील एक काल्पनिक खेडे. श्रीमती फेरर्स ही धनवान विधवा व्हेरोनल या झोपेच्या औषधाच्या अतिसेवनाने मरते, आणि त्या मरणाच्या वार्तेनेच कथेस आरंभ होतो. तिने वर्षभरापूर्वी आपल्या व्यसनी नवऱ्यास विष घालून मारले होते. कोणास तरी ते कळले आणि तो मनुष्य तिच्याकडून पैसा उकळीत राहिला. मरण्यापूर्वी तिने ॲक्रॉइड या आपल्या भावी पतीस पत्र लिहून त्या माणसाचे नाव कळविले. पत्र हाती पडले त्याच रात्री, फर्नली पार्क या आपल्या घरी, अभ्यासिकेतल्या खुर्चीत ॲक्रॉइडचा खंजिराने खून होतो आणि पत्र नाहीसे होते. शेजारच्या घरात निवृत्त होऊन भोपळ्याच्या जातीची फळे वाढवीत बसलेला पॉयरो तपास हाती घेतो. ही सर्व हकीकत आपणांस सांगतात गावचे डॉक्टर जेम्स शेपर्ड. आणि पैसा उकळणारे तेच, खुनीही तेच.

या युक्तीची कल्पना ख्रिस्तीबाईंना दोन ठिकाणांहून मिळाली. एक त्यांच्या बहिणीचे यजमान जेम्स वॉट्स यांच्या बोलण्यातून, आणि दुसरी लॉर्ड माउंटबॅटन यांच्या पत्रातून. पुढे आपल्या देशाचे शेवटचे व्हाइसरॉय झालेले हे गृहस्थ रहस्यकथेच्या इतिहासातही असे एका बाजूने डोकावून जातात, ही गंमत नमूद करून ठेवण्याजोगी आहे. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ‘वाचकाची फसवणूक झाली’ असा ओरडा झाला. डोरोथी सेयर्स यांनी लेखिकेची बाजू घेतली. सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचेच काम होय, असा त्यांचा रोख होता. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले, त्यांत ज्याच्या मनातले विचार वाचकास कळत आले आहेत तो खुनी असू नये, असा एक आहे. नियम कोणत्या पुस्तकाकडे पाहून केला असावा, हे सांगावयास पॉयरो लागत नाही.

परंतु शेपर्ड खोटे बोलतो काय? कादंबरीतील ती दहा मिनिटे पुन्हा वाचून पाहावीत. पत्र आठ चाळीसला येते, डॉक्टर आठ पन्नासला बाहेर पडतो. आणि दाराच्या मुठीवर हात ठेवून, काही करावयाचे राहिले तर नाही ना, या विचाराने तो मागे वळून पाहतो. लिहिलेले प्रत्येक वाक्य खरे आहे. खून दोन वाक्यांच्या मधल्या जागेत झाला आहे. असत्य न सांगता केवळ वगळून फसविणे ही या निवेदनाची रीत होय. आणि ती लक्षात ठेवणे अगत्याचे आहे, कारण रूपांतराचा निकाल आपणांस तिच्याच आधारे करावयाचा आहे.

वाचक त्या वगळण्यास भुलतो याचे एक कारण वाङ्मयीन संकेतात आहे. पॉयरोच्या पहिल्या दोन कादंबऱ्या हेस्टिंग्जने सांगितल्या होत्या. येथे तो अर्जेंटिनात गेलेला, त्याची जागा रिकामी. डॉक्टर त्या जागेवर बसतो आणि हेस्टिंग्जवरचा विश्वास त्याला आयता मिळतो. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’मधील यमूने ‘मी’ म्हणून सांगितलेले आपण ज्या भावाने ऐकतो, त्याच भावाने आपण शेपर्डचेही ऐकतो. पण दुसरे कारण गावात आहे आणि टीकाकारांनी त्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही. लहान गावातला डॉक्टर प्रत्येक घरात शिरतो. कोणाच्या उशाशी कोणती बाटली आहे, कोण कशाने मेले, हे त्याला ठाऊक असते आणि तो ते बोलत नाही. त्याचे मौन हा त्याचा धंद्याचा धर्म समजला जातो. शेपर्ड वाचकाशी जो मितभाषीपणा ठेवतो, तो म्हणूनच आपणांस सभ्यपणा वाटतो. पॉयरो त्याचे हस्तलिखित वाचतो तेव्हा, स्वतःस मागे ठेवण्याच्या त्याच्या संयमाचे तो कौतुक करतो. कौतुकातली धार आपल्या ध्यानी फार उशिरा येते.

डॉक्टरच्या मौनासमोर त्याची थोरली बहीण कॅरोलिन हिचे बोलणे ठेवलेले आहे. ही अविवाहित बाई घराबाहेर फारशी न पडता गावातली बित्तंबातमी मिळविते. दूधवाला, मोलकरणी, भेटीस येणाऱ्या बायका हे तिचे हेर. ‘माहजाँग’चा डाव मांडून चौघे बसतात ते प्रकरण तर गावगप्पांच्या तंत्राचा उत्तम नमुना आहे : एक सोंगटी टाकली जाते, एक बातमी टाकली जाते, ज्याच्या हाती दोन्ही चांगल्या तो जिंकतो. कॅरोलिनचे तर्क पुष्कळदा बरोबर ठरतात. श्रीमती फेरर्सने नवऱ्याला विष घातले हे ती आरंभापासून म्हणत असते. उलट बुद्धिमान डॉक्टरसाहेब पॉयरोच्या मिशा पाहून तो निवृत्त न्हावी असावा असे अनुमान काढतात! ज्या बाईला सगळ्या गावाचे कळते, तिला आपल्याच घरात, आपल्याच जेवणाच्या टेबलाशी कोण बसला आहे हे कळत नाही. आमच्या मते या कादंबरीचे खरे रहस्य हे आहे. ‘मी’ची करामत त्याचे साधन होय.

म्हणूनच शेवट तसा आहे. पॉयरो डॉक्टरला रात्रीचा अवधी देतो. डॉक्टर व्हेरोनल घेणार, श्रीमती फेरर्स ज्याने मेली तेच. आणि कॅरोलिनला सत्य कळू द्यावयाचे नाही. संपूर्ण गावात जे एक गुपित टिकावयाचे, ते गावच्या सर्वज्ञ बाईपासून टिकावयाचे. खुन्याविषयी आपणांस शेवटी जी थोडी करुणा वाटते, ती या एका काळजीमुळे वाटते.

आता दूरचित्रवाणीवरील भागाकडे वळू. त्यात पॉयरोचा सोबती डॉक्टर नसून इन्स्पेक्टर जॅप आहे. मालिकेच्या प्रेक्षकांस फिलिप जॅक्सन यांचा जॅप प्रिय असणार, हे खरे. परंतु जॅप आला आणि डॉक्टर उरला तो संशयितांच्या रांगेतील एक. हेस्टिंग्जची जी जागा लबाडीने बळकावण्यात सारे नाट्य होते, ती आधीच भरलेली आहे. निवेदनाची उणीव भरून काढण्यासाठी डॉक्टरची रोजनिशी ठेवली आहे, आणि ती आपणांस ऐकू येते पॉयरोच्या आवाजात. कादंबरीत पॉयरो हस्तलिखित वाचतो ते आपण वाचल्यानंतर. फसलेल्या वाचकाच्या मागून शहाणा वाचक येतो. येथे शहाणा वाचकच आपणांस ते वाचून दाखवितो. खटला संपल्यावर दप्तरातून काढलेल्या कागदासारखी ती रोजनिशी ऐकू येते. तीवर विश्वास ठेवण्याची संधी कोणास मिळतच नाही. मग विश्वासघात कशाचा होणार?

रॉजर ॲक्रॉइडच्या व्यक्तिरेखेत केलेला बदल याहूनही बोलका आहे. कादंबरीत तो गाडीच्या चाकांच्या कारखान्यावर श्रीमंत झालेला, तांबूस चेहऱ्याचा, गावच्या कार्यांना सढळ हाताने मदत करणारा मनुष्य आहे. स्वतःच्या खर्चात तो चिक्कू आहे अशी मात्र गावात वदंता आहे. या भागात तो रसायनांच्या कारखान्याचा मालक, वयस्क, कंजूष आणि अनेकांच्या रोषास पात्र झालेला दिसतो. म्हणजे कादंबरीत जी वदंता होती ती पडद्यावर वस्तुस्थिती झाली. आमच्या मते हे रूपांतर कोठे चुकले ते येथे स्पष्ट दिसते. खेड्यातील रहस्यकथेत प्रत्येक गोष्ट आधी कोणीतरी सांगितलेली असते, आणि सांगणाऱ्याचा स्वभाव वजा करून ती घ्यावी लागते. ती वजाबाकी काढून टाकली की उरतो तो संशयितांचा जमाव आणि त्यांचे सबळ हेतू.

बटलर पार्करला डॉक्टर मोटारीखाली वारंवार चिरडतो, हा प्रसंगही नव्याने घातलेला आहे. कादंबरीतील डॉक्टर एकच खून करतो. तो दुबळा आहे, हे त्याची बहीणच त्याला सांगते. पैशाच्या मोहात सापडलेला, सुटण्यासाठी एक पाऊल टाकून बसलेला सामान्य मनुष्य असा तो आहे. त्याचा ‘मी’ काढून घेतल्यावर आतला दुबळेपणा दाखविणे अवघड झाले, म्हणून बाहेरचा क्रूरपणा दाखविण्यात आला असावा. ऑलिव्हर फोर्ड डेव्हिस यांनी भूमिका ज्या संयमाने केली आहे तीस हा प्रसंग अगदी विसंगत आहे. चित्रणासाठी विल्टशरमधील कॅसल कूम हे गाव निवडले, तेही फार देखणे आहे : दगडी घरे, पूल, अरुंद रस्ता. गाव दिसते सुंदर. पण ते ऐकत नाही. एका घरात बोललेले दुसऱ्या घरात पोहोचले आहे, असा भास त्या रस्त्यावर कधी होत नाही.

कॅमेऱ्याला वगळणे साधत नाही, हा आक्षेप उरतो. हिचकॉक यांच्या ‘स्टेज फ्राइट’ (१९५०) या चित्रपटात एका पात्राने सांगितलेली खोटी हकीकत चित्ररूपाने दाखविली होती. प्रेक्षक रुष्ट झाले आणि ती चूक झाली असे हिचकॉक यांनीही पुढे मान्य केले. पण तेथे कॅमेरा खोटे बोलला होता. शेपर्ड खोटे बोलत नाही. आणि दोन दृश्यांच्या मधला काळ गिळून टाकणे हे तर चित्रपटाचे रोजचे व्याकरण आहे. डॉक्टरबरोबर दारापर्यंत यावे, घड्याळ दिसावे, मागे वळलेली नजर दिसावी, एवढे पुरे होते. रशियन दूरचित्रवाणीने २००२ साली सेर्गेई उर्सुल्याक यांच्या दिग्दर्शनाखाली याच कादंबरीवर ‘पॉयरोचे अपयश’ या अर्थाच्या नावाची पाच भागांची मालिका केली. तीत सेर्गेई माकोवेत्स्की यांचा डॉक्टर कथेच्या केंद्रस्थानी राहिला. २०१८ साली जपानमध्ये कोकी मितानी यांनी ही कथा १९५२ सालच्या एका जपानी खेड्यात नेली, तरी डॉक्टरला गुप्तहेराच्या शेजारचे स्थान दिले. तेव्हा अशक्यतेची सबब टिकत नाही.

फ्रेंच टीकाकार पिएर बायार यांनी १९९८ मध्ये एक ग्रंथ लिहून, खून डॉक्टरने केलाच नसून कॅरोलिनने केला व भाऊ तिला पाठीशी घालीत आहे, असा तर्क मांडला. तो आम्हांस पटत नाही. डिक्टाफोनची योजना आणि स्थानकावरून आलेला दूरध्वनी यांचा मेळ डॉक्टरशीच नीट बसतो. परंतु असा तर्क लढविता येतो हे त्या निवेदनाचे वैभव आहे. कबुलीजबाबसुद्धा शेवटी त्याच माणसाच्या हातचा आहे ना! दूरचित्रवाणीवरील भागावर असा ग्रंथ कोणी लिहू शकणार नाही. तेथे पळणाऱ्या डॉक्टरचा कारखान्यात पाठलाग होतो आणि तो पिस्तुलाने स्वतःचा अंत करून घेतो. एवढ्या गाजावाजानंतर कॅरोलिनपासून काही झाकून ठेवण्याचा प्रश्नच राहत नाही. सेलिना कॅडेल यांच्यासारखी समर्थ अभिनेत्री हाताशी असून तिच्या भूमिकेचा कणा असा मोडला, याची हळहळ वाटते.

कॅरोलिनच्या वाट्याला हे पहिल्यांदाच आले असे नाही. १९२८ साली लंडनच्या रंगभूमीवर मायकेल मॉर्टन यांनी ‘ॲलिबाय’ या नावाने या कादंबरीचे नाटक केले आणि चार्ल्स लॉटन यांनी त्यात पॉयरो रंगविला. त्या नाटकात कॅरोलिनच्या जागी एक तरुण मुलगी आणली होती. ख्रिस्तीबाईंना हे फार लागले. १९७७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्यांनी कॅरोलिन हे या पुस्तकातील आपले सर्वांत आवडते पात्र असल्याचे सांगितले असून, मिस मार्पलचा उगम तिच्यात असावा असेही सुचविले आहे. त्या मिस मार्पलच्या बाराही कादंबऱ्या १९८४ ते १९९२ या काळात बी. बी. सी.ने जोन हिक्सन यांना घेऊन दूरचित्रवाणीवर आणल्या. हिक्सन विणकाम घेऊन कोपऱ्यात बसतात, कोणाचे तरी अर्धे वाक्य कानी पडते, सुया क्षणभर थांबतात, आणि कॅमेरा तेवढा वेळ त्यांच्यावर थांबतो.