शिशूंच्या प्राणिचित्रपुस्तकांतील मराठी

मांजराचे चित्र आणि त्याखाली ‘मांजर’ हा एकच शब्द, एवढा मजकूर असलेले पान वरवर पाहता निर्दोष वाटते. एक ते तीन वर्षांच्या मुलांसाठी जाड पुठ्ठ्यावर छापलेल्या प्राणिपुस्तकांत अशी पाने पुष्कळ आढळतात. त्यांची चर्चा झालीच तर ती चित्रांची होते. त्यांच्या भाषेत चर्चा करण्याजोगे काही आहे, असे सहसा कोणास वाटत नाही. एका शब्दात भाषा ती किती असणार, असा समज ह्या उपेक्षेच्या मुळाशी असावा. तो तपासून पाहावयास हवा.

‘काळा कावळा’, ‘काळी म्हैस’, ‘काळे मांजर’ ही तीन पदे घ्यावीत. रंग एक, विशेषणाची रूपे तीन. चित्रकाराने कितीही कौशल्य वेचले तरी हा भेद त्याला रेखाटता येणार नाही, कारण मुंगी स्त्रीलिंगी, बेडूक पुल्लिंगी आणि कासव नपुंसकलिंगी असण्याला निसर्गात आधार नाही. तो केवळ भाषेचा संकेत आहे. ससा, चिमणी यांसारख्या नामांत अन्त्य स्वर काही सूचना तरी देतो. साप, मगर, हरीण यांत तेवढीही सोय नाही. विशेषण किंवा क्रियापद जवळ आल्यावाचून ह्या नामांचे लिंग प्रकटच होत नाही. म्हणजे सुटे नाम छापणारे पुस्तक मुलाला शब्द देते आणि तो वापरण्याची रीत मात्र झाकून ठेवते.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, एवढ्या लहान मुलासमोर पुस्तक कोणीतरी मोठे माणूसच धरते. ‘बघ, ते मांजर कसं बसलंय’ हे वाक्य ते माणूस आपणहून पुरविते. आक्षेप खरा आहे, पण तो एका अटीवर खरा आहे. त्या माणसाची मराठी घरची असावी लागते. कल्याणपुढच्या शहाडसारख्या ठिकाणी ही अट गृहीत धरता येत नाही. एका अंगास उल्हास नदीकाठची जुनी आगरी वस्ती, दुसऱ्या अंगास 1947 नंतर निर्वासित सिंधी कुटुंबांनी वसविलेले उल्हासनगर, मध्ये रेयॉनच्या कारखान्याभोवती वाढलेली अनेक प्रांतांची कामगार वस्ती. हिंदी व सिंधी ह्या दोन्ही भाषांत लिंगे दोनच. हिंदी घरातील ‘बिल्ली’ स्त्रीलिंगी, आणि बालवाडीत तीच ‘ते मांजर’ होते. अशा घरात पुस्तकाने गाळलेले वाक्य भरून काढणारे कोणी नसण्याचाच संभव अधिक. तेथे पुस्तक हाच मराठी बोलणारा शेजारी. आणि तो एकच शब्द बोलून गप्प बसतो.

पिलांच्या नावांत तर नुकसान उघडच दिसते. ‘गायीचे बाळ’, ‘शेळीचे बाळ’ असे मथळे पुस्तकांत सर्रास येतात. शहाडच्या गल्ल्यांतून शेळ्या हिंडतात, त्यांच्यामागे करडे असतात. वासरू, कोकरू, करडू, रेडकू, शिंगरू ही नामे मराठीने स्वतंत्रपणे घडविली आणि सर्व नपुंसकलिंगात ठेविली. ‘वत्सरूप’ ह्या शब्दापासून ‘वासरू’ अशी व्युत्पत्ती दिली जाते. त्याच साच्यातले ‘लेकरू’ हे नाम तर खुद्द वाचणाऱ्या मुलाचे! हे नाते दाखविणारे पान एकही चित्र न बदलता तयार होऊ शकले असते.

कोमेनियसने 1658 साली न्युरेंबर्ग येथे प्रसिद्ध केलेल्या ‘ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस’ ह्या सचित्र ग्रंथाच्या आरंभीची वर्णमाला प्राण्यांच्या आवाजांवर रचलेली आहे, आणि पहिला मान कावळ्याचा आहे. तेथे प्राणी नुसता उभा नसतो, तो ओरडतो. त्यामुळे नामाबरोबर क्रियापद येते. मराठीत ही सामग्री विपुल आहे: गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो. ठाणे-पालघरकडील वारली भिंतीचित्रांतही बैल नांगराला जुंपलेला आणि कोंबडी दाणे टिपीत असलेली दिसते. पुठ्ठ्याच्या पुस्तकातला बैल पांढऱ्या पार्श्वभूमीवर निरुद्योगी उभा असतो.

भाषांतरित पुस्तकांचा प्रश्न निराळा आहे. चित्रे कायम ठेवून मजकूर अनेक भाषांत देण्याची प्रथा नेहरू बाल पुस्तकालयापासून 2015 साली सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरपर्यंत चालत आली आहे. तिने पुस्तके स्वस्त झाली, हे मान्यच करावयास हवे. परंतु तीत मराठी नेहमी चित्रामागून येते. एरिक कार्ल यांच्या 1969 सालच्या खादाड सुरवंटाच्या प्रसिद्ध पुस्तकाचे उदाहरण बोलके आहे. इंग्रजीत त्या जिवाला पहिल्यापासून अखेरपर्यंत एकच पुल्लिंगी सर्वनाम पुरते. मराठीत पहिल्याच पानावर ‘अळी’ की ‘सुरवंट’, म्हणजे ‘ती’ की ‘तो’, हे ठरवावे लागते. आणि काहीही ठरविले तरी शेवटच्या पानावर ‘फुलपाखरू’ येऊन लिंग पुन्हा बदलते. सामान्य भाषांतरकार ह्याला अडचण समजेल. वास्तविक रूपांतर हाच त्या पुस्तकाचा विषय असल्याने मराठी वाक्यरचना येथे मूळ इंग्रजीला न साधणारे काही साधू शकते: देह पालटतो तसे सर्वनामही पालटते.

माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांचे (2014 साली त्यांना साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला) वेगळेपण ह्याच संदर्भात ध्यानात येते. तेथे लिहिणारा व चित्र काढणारा हात एकच असल्यामुळे मजकूर चित्रावर बाहेरून चिकटविल्यासारखा वाटत नाही. मात्र त्यांचा वाचक बहुधा थोडा मोठा, वाक्ये ऐकण्यास सरावलेला असतो. अगदी तान्ह्यांच्या पुठ्ठापुस्तकांपर्यंत ही दृष्टी अद्याप फारशी पोचलेली नाही. त्यांत जिराफ आणि पेंग्विन न चुकता असतात. उल्हासच्या जलपर्णीवर टपून बसणारी ढोकरी नसते, आणि पाण्यात डुंबणारी म्हैस असलीच तर तिच्या शेजारी रेडकू नसते.