‘सारख्यात सारखं मिसळतं’ हे पॉलिमरला लावू नका

पाठ्यपुस्तकातलं हे वाक्य पॉलिमरपाशी आलं की लंगडं पडतं. सडक अर्जुनीच्या बाजारातली दुधाची पिशवी घ्या, ती पॉलिइथिलीनची. बाटलीचं झाकण बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं. दोन्हींत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, तेही एकास दोन प्रमाणात. तरी एकत्र वितळवून थंड केलं तर एकाचे बारीक ठिपके दुसऱ्यात वेगळेच राहतात आणि वस्तू कमकुवत निघते. भंगारातलं प्लास्टिक निवडावं लागतं ते म्हणूनच.

असं का? लांब साखळ्यांना मिसळून एन्ट्रॉपीचा फायदा फार थोडा मिळतो. फ्लोरी-हगिन्स सिद्धांतात (१९४२) दोन घटकांमधली ‘नावड’ एका आकड्याने मोजतात. छोट्या रेणूंना तो २ पर्यंत चालतो. दोन्ही साखळ्या १००० कड्यांच्या असतील तर मर्यादा फक्त ०.००२!

पण हा सिद्धांतही डोळे मिटून वापरू नका. त्याच्या साध्या रूपानुसार तापवल्यावर मिसळणं सोपं व्हायला हवं. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनाइल मिथाइल ईथर यांचं मिश्रण मात्र तापवल्यावरच गढूळ होतं.

तेव्हा तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘रचना सारखी, म्हणून मिसळतील’ असं लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा: साखळी किती लांब? तापमान किती?