धरण रिकामे दिसते तेव्हा

गेल्या वीसेक वर्षांत मराठी वृत्तपत्रांची पाने रंगीत झाली, देखणी झाली. अर्थसंकल्प असो, निवडणूक असो की पाऊस, बातमीशेजारी एखादे ग्राफिक असतेच. पण ते पाहून वाचकाला आकडे उमगतात का? बहुतेक वेळा नाही. आपल्याकडे इन्फोग्राफिक अजून बातमीची सजावट आहे, आणि ही सजावट कधी कधी थेट दिशाभूल करते.

सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणाचेच बघा. उन्हाळ्यात ‘उजनी उणे ४० टक्के’ अशा धर्तीचे मथळे येतात आणि खाली भेगाळलेल्या जमिनीवर कोरडेठाक धरण रंगवलेले असते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. उपयुक्त साठा साधारण ५३. टक्केवारी काढतात ती फक्त या ५३ वर, म्हणून पाणी मृतसाठ्याच्या पातळीखाली उतरले की आकडा उणे होतो. म्हणजे उणे ४० टक्क्यांनाही धरणात चाळीसहून अधिक टीएमसी पाणी असते. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चारही धरणे काठोकाठ भरली तरी साठा २९ टीएमसीच्या आसपास होतो! सोलापूरची टंचाई खोटी आहे असे मुळीच नाही. मृतसाठ्यातले पाणी कालव्यात आपोआप उतरत नाही, ही अडचण खरी आहे. पण नेमकी तीच अडचण चित्रातून कळायला हवी. त्यासाठी एक उभा स्तंभ पुरे: खाली मृतसाठा एका रंगात, वर उपयुक्त साठा दुसऱ्या, मधोमध ठळक रेषा आणि आजची पातळी. भेगाळलेली जमीन काढणाऱ्या कलाकाराचा यात दोष नाही. त्याच्या हातात मथळा पडला होता, साठ्याचा तक्ता नव्हे.

निवडणुकीच्या नकाशांतही हेच होते. गडचिरोली जिल्ह्यात विधानसभेच्या ३ जागा, क्षेत्रफळ चौदा हजार चौरस किलोमीटरच्या वर. मुंबई शहर आणि उपनगर मिळून ३६ जागा, त्या जेमतेम सहाशे चौरस किलोमीटरमध्ये. नेहमीच्या नकाशात गडचिरोलीचा रंग डोळ्यांत भरतो आणि राज्यातल्या एक अष्टमांश जागा टाचणीच्या टोकाएवढ्या उरतात. प्रत्येक मतदारसंघाला सारखा चौकोन किंवा षटकोन देणारे नकाशे आता काही संकेतस्थळांवर दिसू लागले आहेत. ही चांगली सुरुवात आहे; छापील पानांनी ती उचलायला हवी. २०२४ च्या विधानसभेत शरद पवारांच्या पक्षाला सुमारे ११ टक्के मते आणि १० जागा मिळाल्या, अजित पवारांच्या पक्षाला सुमारे ९ टक्के मते आणि ४१ जागा. मते, जागा आणि लढवलेल्या जागा असे तीन स्तंभ शेजारी लावले असते, तर त्या निकालावरच्या कितीतरी वादांना निदान धड आधार मिळाला असता. त्याऐवजी आपण विजयी नेत्यांचे चेहरे कापून लावले.

या कामाची शिस्त नवी नाही. ऑटो न्यूराथ यांनी १९२५ मध्ये व्हिएन्नात सामान्य नागरिकांना समाजाची आकडेवारी चित्रांतून समजावी म्हणून संग्रहालय उभे केले. मोठी संख्या मोठ्या चित्राने दाखवायची नाही, त्याच आकाराची चित्रे जास्त संख्येने मांडायची, हा त्यांचा नियम. आपल्याकडे ऊस दुप्पट झाला की उसाचे चित्र दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद करतात, आणि डोळ्याला वाढ चौपट दिसते. न्यूराथांच्या गटात चिन्हे रेखाटायला गर्ड आर्न्ट्झ होते. पण त्याआधी तज्ज्ञांच्या तक्त्यातून नेमके काय दाखवायचे, काय वगळायचे हे ठरवणारी वेगळी व्यक्ती असे. मारी राइडेमाइस्टर, म्हणजे पुढच्या मारी न्यूराथ, हे काम करत. मराठी वृत्तकक्षात बातमीदार आहे, उपसंपादक आहे, आर्टिस्ट आहे. हा मधला माणूस नाही. ‘द हिंदू’सारख्या इंग्रजी दैनिकाने ‘डेटा पॉइंट’ हे सदर नेमाने चालवले, तेव्हा तिथे आकडे वाचणारे लोक नेमले गेले.

देवनागरीच्या अडचणी तर जवळपास कुणी मनावरच घेत नाही. तयार साचे रोमन लिपीसाठी बेतलेले असतात. त्यांत मराठी ओतली की वेलांट्या आणि उकार वरखालच्या ओळींना भिडतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, उभ्या मांडणीत जोडाक्षरे विस्कटतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव बारीक स्तंभाखाली मावणारच नाही. तिथे स्तंभ आडवे करावेत, एवढा साधा उपाय आहे. सॉफ्टवेअर मिलियन-बिलियनमध्ये अक्ष आखते आणि लाख-कोटीत विचार करणाऱ्या वाचकाला मनातल्या मनात गुणाकार करावा लागतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’सारखा अनेक वजनांचा टंक मोफत उपलब्ध आहे, त्यामुळे साधनांची सबब आता चालणार नाही.

संपादकांना विनंती एवढीच: ग्राफिकचे काम पान लावताना उरलेल्या जागेसाठी सांगू नका. सकाळच्या बैठकीत बातमीदाराशेजारी आर्टिस्टला बसवा, आणि त्याच्या हातात मूळ तक्ता द्या.