अद्भुत कादंबरीतली गाणी आपण का ओलांडतो?

मागं आवाज येतोय ना? बरं. ज्यांना खुर्च्या मिळाल्या नाहीत त्यांनी पुढं सतरंजीवर या, संकोच करू नका.

आजचा विषय कळल्यावर गडमुडशिंगीतल्याच एका मित्रानं मला विचारलं, "सर, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि आता जादूच्या अंगठ्या?" त्याला कारण माझी नात. ती कॉलेजात आहे. तिनं टॉल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचायला घेतली आणि मला फोनवर विचारलं, "आजोबा, मधली गाणी वाचायलाच पाहिजेत का? गोष्ट थांबते हो." मी म्हणालो, "सोड ती. मीही सोडलीच होती." फोन ठेवला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं. जे वाचलंच नाही त्याबद्दल मी मत देऊन बसलो होतो. मग ती तिन्ही पुस्तकं पुन्हा काढली आणि या वेळी गाणी मोठ्यानं वाचली. त्यातून जे सुचलं ते आज सांगतो.

ज्यांनी ही कादंबरी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टॉल्किन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. १९५४-५५ मध्ये ही कादंबरी तीन भागांत आली. मुग्धा कर्णिक यांनी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं ती मराठीत आणलीय. एक दुष्ट अंगठी नष्ट करायला हॉबिट नावाची बुटकी, खाऊनपिऊन सुखी माणसं निघतात, एवढं कथानक. पण त्यात साठच्या वर गाणी आणि कविता आहेत. कोण आंघोळीला बसल्यावर गातं, कोण मेलेल्या मित्रासाठी गातं. आणि बहुतेक वाचक, माझ्यासारखे, तिरक्या अक्षरातला मजकूर दिसला की पान उलटतात.

आपण मराठी माणसांनी असं करावं याचं मला नवल वाटतं. 'कादंबरी' हा शब्द आपण कुठून घेतला? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून. ती गद्यात आहे, आणि अद्भुत आहे: शाप, पुनर्जन्म, चंद्राचा अवतार. तिची सुरुवात आठवा. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पिंजऱ्यात पोपट घेऊन येते. तो पोपट उजवा पाय उचलून राजाला उद्देशून एक आर्या म्हणतो. राजा थक्क होतो, त्याला त्याची हकिगत विचारतो, आणि सगळी कादंबरी त्या उत्तरातून उलगडते. ती आर्या गाळली तर राजानं पोपटाला काही विचारायचं कारणच उरत नाही. पुढं पुंडरीक महाश्वेतेला प्रेम कळवतो तेही वल्कलाच्या तुकड्यावर नखानं लिहिलेल्या एका आर्येतून. म्हणजे ज्या ग्रंथानं आपल्याला या साहित्यप्रकाराचं नाव दिलं, त्यातच पद्य कथेच्या बिजागरीसारखं बसवलेलं आहे.

आता थोडं माझ्या शास्त्राचं बोलतो. कंटाळू नका, दोनच मिनिटं. न्यायदर्शनात ज्ञान मिळवायची चार साधनं सांगितलीत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासू माणसाचं सांगणं. तुमच्या पणजोबांचं नाव तुम्हाला कसं कळलं? कुणीतरी सांगितलं म्हणून. अद्भुत कादंबरीत निवेदक जे दाखवतो ते वाचक डोळ्यांनी पाहिल्यासारखं मानतो, ते झालं प्रत्यक्षाच्या जागी. पण त्या जगाला हजारो वर्षांचा भूतकाळ आहे, आणि तो निवेदकानं दाखवला तर नुसती माहिती होते. तो तिथल्या माणसांच्या तोंडून, त्यांना जसा आठवतो तसा, अर्धामुर्धा यावा लागतो. गाणं ते काम करतं. ते त्या जगातलं शब्दप्रमाण आहे. माझं म्हणणं एवढंच, की अशा कादंबरीतल्या गाण्याची परीक्षा करताना ते सुंदर आहे का हे नंतर बघा. आधी विचारा, हे गाळलं तर त्या जगातलं कुठलं ज्ञान नाहीसं होतं?

या कसोटीवर तीन जागा पाहू.

पहिली, मिनास तिरिथ नगरातल्या रुग्णालयाची. युद्धात जखमी झालेली माणसं कुठल्याशा काळ्या छायेनं मरणाच्या दारात आहेत. वैद्य हतबल. तिथं आयोरेथ नावाची एक बडबडी म्हातारी आहे. ती सहज म्हणते की जुन्या काळी म्हणायचे, राजाचे हात म्हणजे वैद्याचे हात. तेवढ्यावरून गॅन्डाल्फ ॲरागॉर्नला, म्हणजे खऱ्या वारसाला, शोधायला धावतो. ॲरागॉर्न एक वनस्पती मागतो. मग येतो औषधींचा पंडित. त्याला त्या पाल्याची तीन भाषांतली नावं पाठ आहेत, पण पाला त्याच्याकडं नाही. त्याच्या मते हवा जरा सुगंधी करण्यापलीकडं त्याला काही गुण नाही. तिच्याबद्दलचं एक जुनं पद्यही तो म्हणून दाखवतो आणि लगेच सांगतो की ही म्हाताऱ्यांच्या आठवणीत बिघडलेली तुकबंदी आहे. गॅन्डाल्फ वैतागून म्हणतो की जा, विद्या कमी पण शहाणपण जास्त असलेला कुणी म्हातारा शोध, त्याच्या घरात हा पाला असेल. आणि त्या पाल्यानंच माणसं वाचतात. पंडिताला पद्य पाठ होतं, पण ते प्रमाण आहे हे त्याला कळलं नव्हतं. हे प्रकरण वाचताना मला आमच्या पेशाची चांगलीच आठवण झाली.

दुसरी जागा. ट्रीबिअर्ड हा झाडासारखा दिसणारा, अतिशय प्राचीन जीव. त्याच्याजवळ सगळ्या प्राणिमात्रांची एक पाठ केलेली यादी आहे, पद्यात. मेरी आणि पिपिन हे दोन हॉबिट त्याला भेटतात. तो यादी म्हणून बघतो, त्यात हॉबिट नाहीतच! म्हणजे त्याच्या हिशेबी ते अस्तित्वातच नाहीत. पोरं म्हणतात, मग एक ओळ वाढवा की. पुढं निरोप घेताना तो खरंच आपली वाढवलेली ओळ म्हणून दाखवतो. शेकडो पानांच्या युद्धकथेत या क्षुल्लक लोकांची जगानं नोंद घेतली ती अशी, एका यादीतल्या ओळीत. जनगणनेत आपलं नाव सुटलंय असं कळल्यावर कसं वाटतं हे विचारा कुणालाही.

तिसरी जागा मला सगळ्यांत आवडते. बिल्बो घर सोडताना वाटेबद्दल एक छोटं गाणं गुणगुणतो. पुढं त्याचा वारस फ्रोडो तेच गाणं म्हणतो, पण पावलांना लावलेलं एक विशेषण बदललेलं असतं. बिल्बोची पावलं उत्सुक होती, फ्रोडोची थकलेली आहेत. पिपिन विचारतो, हे तू रचलंस का? फ्रोडो म्हणतो, ठाऊक नाही, आत्ता सुचल्यासारखं वाटलं, पण पूर्वी कधी ऐकलंही असेल. शेवटी म्हातारा बिल्बो तिसऱ्यांदा ते म्हणतो, आता वाट दुसऱ्यांनी घ्यावी आणि आपण विसावावं अशा अर्थानं. जात्यावरच्या ओवीचा कर्ता कोण, या प्रश्नाला आपल्या बायकांनी फ्रोडोचंच उत्तर दिलं असतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखभर ओव्या खेडोपाडी जमवल्या. त्यातही तीच ओवी एका शब्दाच्या फरकानं दुसऱ्या गावात दुसरं दुःख सांगते.

आता आक्षेप. काही समीक्षक म्हणतात की ही पद्यं कविता म्हणून सामान्य आहेत. काही आहेतच. टॉम बॉम्बाडिल हे पात्र बोलतंच गाण्यासारखं, आणि त्याचा मला आजही कंटाळा येतो. पण त्यानं शिकवलेलं पद्य म्हणूनच फ्रोडो थडग्यातून सुटतो, हेही विसरता येत नाही. दुसरा आक्षेप नातीचा, गोष्ट थांबते. थांबते, खरंय. पण इथून जवळ पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, तिथं येणाऱ्या धनगरांची ओवी ऐका. आधी गातात, मग तोच भाग गद्यात सांगतात, पुन्हा गातात. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकानं या ओव्या जन्मभर अभ्यासल्या. रात्रभर बसलेला कुणी श्रोता गाणं सोडा म्हणत नाही. त्या गायनाला सुंबरान म्हणतात, म्हणजे स्मरण. गोष्ट थांबते ती आठवण काढायला.

एक गोष्ट अनुवादकांसाठी. टॉल्किननं प्रत्येक जमातीला वेगळा छंद दिलाय. रोहानच्या घोडेस्वारांची पद्यं जुन्या इंग्रजी वळणाची, यमकाऐवजी अनुप्रासावर उभी. मराठीत त्यांना पोवाडा द्यावासा वाटेल. पण पोवाडा आला की डफ, तुणतुणं आणि मावळे सोबत येतात. अभंग वापरला की पंढरपूर येतं. छंद रिकाम्या हातानं येत नाही. तरी आयोरेथच्या वचनाला मात्र मी बिनदिक्कत जात्यावरची ओवी देईन. तिथं आपलं जग आणि ते जग एकच आहे.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. माझी आई याच गावात पहाटे दळायची. ती गोष्टी सांगायची आणि मध्येच गायची. मी म्हणायचो, "आई, गाणं राहू दे, पुढं काय झालं ते सांग." ती हसायची आणि पुढं सांगायची. पुढं मी शब्दप्रमाणावर प्रबंध लिहिला, डॉक्टर झालो. आईचं एकही गाणं मी लिहून ठेवलं नाही. गोष्टी सगळ्या आठवतात. एका राणीला सर्पानं भाऊ मानलं, ती आठवते. तो तिच्या दाराशी येतो तेव्हा आई गायला लागायची, इथपर्यंत आठवतं. काय गायची, ते नाही.

नातीला मी परत फोन केला. म्हटलं, माझा सल्ला मागं घेतो, गाणी वाच, आणि मोठ्यानं वाच. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी अजून आजी आहे त्यांनी आज रात्री तिच्याजवळ बसा. फोनमध्ये रेकॉर्डिंगची सोय असते म्हणे. ती गायला लागली की मध्ये बोलू नका.

आता प्रश्न विचारा.