दोन उभ्या रेघा

मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरं पळवी. शब्द कुठे तुटतो, वाक्य कुठे थांबतं, हे वाचणाऱ्याने ओळखावं. अशा लिपीत विरामचिन्हं शोधायची म्हणजे धाडसच. तरी दोन उभ्या रेघांपाशी मी दर वेळी रेंगाळतो.

मोडी कागदांच्या छापील प्रतीत ‘प॥ पैठण’ दिसलं की तो परगणे पैठण: शब्द अर्ध्यावर उरकला, ही त्याची खूण. खाली हिशेबात ‘५॥’ आलं की साडेपाच. एक रेघ सव्वापाचाची, तीन रेघा पावणेसहाच्या. आणि पोथीत श्लोकाअखेर त्याच दोन रेघा म्हणजे पूर्णविराम. संक्षेप, अर्धा आणि समाप्ती! कारकुनाची ही काटकसर मला फार देखणी वाटते. तो गोंधळत नसे, कारण संदर्भ त्याच्या डोक्यात असे.

संगणकाच्या डोक्यात तो नसतो. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, तेव्हा या खुणांना वेगवेगळी घरं मिळाली. समाप्तीच्या दुहेरी दंडाचा संकेतांक ११६४२, संक्षेपचिन्हाचा ११६४३. अर्ध्याची खूण तर मोडीच्या गटात नाहीच. ती अनेक भारतीय लिप्यांच्या सामाईक अंकचिन्हांत, ए८३१ वर बसते. (शब्दांमधल्या जागेचं मात्र जमलेलं नाही. स्पेसबार दाबला की ती डौलदार रेघ तुटते.)

पांडे यांनीच मंगोलियाच्या सोयोंबो लिपीचाही प्रस्ताव लिहिला. बौद्ध धर्मगुरू झानाबाझारने १६८६ साली रचलेल्या त्या लिपीत मजकुराच्या आरंभी चंद्र, सूर्य आणि ज्वाळा असं चिन्ह येतं. तिथे भक्तीचा थाट, इथे कचेरीची घाई. माझा कल कचेरीकडे.

मोडीचं श्रेय परंपरा देवगिरीच्या हेमाडपंताला देते. ते खरं-खोटं बाजूला ठेवू. पण देवगिरीच्या या मुलखात मोडी अजून कामाची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेली न्या. संदीप शिंदे समिती मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासू लागली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कागद स्कॅन होतात, पण स्कॅन म्हणजे चित्र. त्यातला परगणा शोधायचा तर मजकूर टंकावाच लागतो.

तेव्हा घरचे जुने कागद टंकायला घ्याल, तर तिन्ही ठिकाणी देवनागरीचा एकच दुहेरी दंड ठोकू नका. ज्याची त्याची खूण वापरा.