शीतल साठे यांचा स्वर आणि जलशाची संहिता

जलशातील गीतांचे मूल्यमापन मराठी समीक्षेत बहुधा छापील कडव्यांवरून होते. प्रतिमांची नवता शोधली जाते. ती न आढळल्यास रचना ‘प्रचारकी’ ठरते आणि विषय तेथेच मिटतो. पुण्याच्या कबीर कला मंचाबाबत ही रीत फारच तोकडी पडते. २००२ च्या गुजरात दंगलींनंतर उभ्या राहिलेल्या या पथकाच्या अनेक गीतांचा अर्थ कागदावर अर्धाच असतो. उरलेला शीतल साठे यांच्या गळ्यात घडतो.

आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटामुळे हा स्वर पुण्यातील वस्त्यांबाहेर सर्वदूर पोचला. १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून सुरू झालेले चित्रण चौदा वर्षे चालले. साहजिकच साठे यांचा आवाज प्रेक्षकाच्या कानी पडतो तो एक आवाज विझल्याच्या जाणिवेनंतर. चित्रपटाच्या या रचनेचा परिणाम आणि गायिकेचे स्वतःचे सामर्थ्य यांची गल्लत होऊ नये.

हे सामर्थ्य आईवरील गीतात विशेष जाणवते. आवाज खुला, वरच्या पट्टीतला. सुगम संगीताची मुलायम फिरत त्यात नाही. मात्र त्याच्या तळाशी ओवी आहे. जात्यावरची ओवी श्रोता गृहीत धरीत नाही. जलसा तर श्रोत्यांवाचून उभाच राहत नाही. घरातले हे स्वगत चौकात आणताना साठे त्याचा खाजगीपणा पुसून टाकीत नाहीत. प्रारंभीच्या सत्यशोधक आणि आंबेडकरी जलशांत स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत, हे ध्यानी घेतले म्हणजे लेकीने आईविषयी डफावर गाण्याचे ऐतिहासिक मोल कळते.

आर्वी परिसरातील श्रोत्याला येथे तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवर हा भजनप्रकार रुजलेला आहे. तेथेही एक आवाज पुढे होतो आणि मंडळ ओळ उचलते. बांधणीतले हे साम्य खरे. परंतु भजनात ओळीची पुनरावृत्ती संमती दर्शविते, मुख्य आवाज सर्वांत विरून जावा ही तेथील अपेक्षाच असते. मंचाच्या गायनात साथीदारांचा स्वर कधी दुजोरा देतो, तर कधी प्रश्न होऊन परततो, आणि साठे यांना पुढची ओळ त्या प्रश्नाच्या ताणातच गावी लागते. म्हणून गीतातला ‘मी’ भावकवितेतल्यासारखा एकाकी राहत नाही, समूहात हरवतही नाही. आत्मनिष्ठ आणि सामाजिक ही आपली लाडकी विभागणी येथे निरुपयोगी ठरते.

एप्रिल २०१३ मध्ये साठे व सचिन माळी विधानभवनासमोर पोलिसांच्या स्वाधीन झाले. त्याच वर्षी जूनमध्ये, गरोदर असताना, साठे यांना मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. या घटनांचे वलय आता त्यांच्या गायनाभोवती आहे आणि ते आस्वादाला उपकारक आहेच असे नाही. धैर्याविषयीचा आदर काही रचनांचा कच्चेपणा झाकतो. जेथे कडवे नुसती घोषणा होते, शत्रूंची यादी वाचू लागते, तेथे आवाज अधिक चढतो, डफ अधिक घुमतो. पण आईच्या गीतातला तो संथ, ओवीचा तळ मात्र तेथे ऐकू येत नाही.