एक कोयता म्हणजे किती माणसे?

तरुणपणी एका साखर कारखान्याच्या शेती खात्यात मी चार हंगाम चिटबॉय होतो. तोडणीची टोळी फडात उतरली की मुकादमाला विचारायचे, "किती कोयते?" तो सांगायचा, "बावीस." मी वहीत बावीस लिहायचो. फडात माणसे मात्र चाळीसच्या वर वाकलेली दिसायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल जोडीला, टनाचा दर जोडीला आणि वहीत नाव नवऱ्याचे. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मोळी बांधून, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेणारी बाई वहीत कुठेच नसायची आणि त्यात मला तेव्हा काहीही वावगे वाटले नाही. त्या हंगामांतली एक वही अजून माझ्याकडे आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

अर्थशास्त्र मी वर्गात शिकलो नाही. जयसिंगपूरचे वाचनालय, पुण्या-मुंबईच्या रद्दीत सापडलेले सरकारी अहवाल आणि वेळोवेळी विचारलेल्या मूर्ख प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देणारे काही प्राध्यापक, एवढेच माझे शिक्षण. त्यामुळे असेल, पण देशाचे उत्पन्न, रोजगार आणि महागाई मोजणारे अहवाल मी कादंबरीसारखे वाचतो. त्यांतही एक निवेदक असतो. तोही कुणाला नाव देतो, कुणाला गर्दीत उभे करतो. साहित्याच्या समीक्षेत आपण निवेदकाला जाब विचारतो, मग या वाङ्मयाला तेवढी सवलत का?

पहिला मोठा निवेदक दादाभाई नौरोजी. १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे त्यांनी 'पॉव्हर्टी ऑफ इंडिया' हा निबंध वाचला आणि १८६७-६८ सालचे ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वीस रुपये काढून दाखवले. हा वीसचा आकडा सगळ्यांना माहीत असतो. निबंध वाचताना मला मात्र दुसरीच जागा जास्त महत्त्वाची वाटली. दादाभाई सरकारी अहवालांतल्या सरासऱ्या तपासतात आणि चूक नेमकी पकडतात. जिल्ह्याजिल्ह्याचे एकरी उत्पन्न घ्यायचे, बेरीज करायची, जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, झाली सरासरी! कुठल्या जिल्ह्यात जमीन किती, याचा विचारच नाही.

आपल्याकडचे कल्पित उदाहरण घेऊ. समजा, शिरोळ तालुक्यात ज्वारीखाली १,००० एकर आहेत आणि एकरी १२ मण निघते. जत तालुक्यात ९,००० एकर आहेत आणि एकरी २ मण निघते. साहेबांच्या पद्धतीने सरासरी ७ मण. खरी सरासरी? एकूण ३०,००० मण, भागिले १०,००० एकर, म्हणजे ३ मण. कागदावर दुष्काळ अर्ध्याहून अधिक नाहीसा झाला, त्यासाठी पाऊस पडावा लागला नाही. दादाभाईंनी ही चूक नुसती सांगितली नाही, प्रांतामागून प्रांत घेऊन पुन्हा हिशेब मांडला. शिवाय कैद्याच्या खाण्याकपड्यावरचा सरकारचा खर्च शेजारी ठेवला. तुरुंगाबाहेरचा माणूस तुरुंगातल्यापेक्षा उणा निघाला. आकड्यांनी लिहिलेला यापेक्षा बोचरा उपरोध मी वाचलेला नाही.

भाराचा हा प्रश्न संपलेला नाही, महागाईच्या निर्देशांकात तो आजही तसाच बसलेला आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात ग्रामीण भागासाठी खाद्यपदार्थ आणि पेये यांचा भार ५४.१८ टक्के होता. तो आला २०११-१२ च्या खर्च पाहणीतून. २०२२-२३ च्या पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातला अन्नाचा वाटा ४६.३८ टक्क्यांवर आलेला दिसला, तरी निर्देशांक जुन्याच ताटाने जेवत राहिला. टोमॅटो भडकले की आकडा वाजवीपेक्षा जास्त उसळायचा. औषध, शाळा, मोबाईल यांचा खर्च वाढला की तेवढा हलायचा नाही. याबद्दल मला फार तक्रार नाही. भार नव्या पाहणीने बदलता येतात. माझी तक्रार डोक्यांबद्दल आहे.

दादाभाईंनी भार सुधारला. भागताना मात्र त्यांनी सरळ डोकी घेतली, आणि मोजला फक्त माल. पीक, मीठ, खनिज, कारखानदारीची वस्तू. तो माल कुणाच्या हातून निघाला, हा त्यांचा प्रश्न नव्हता. त्यांचा खटला इंग्रज सरकारविरुद्ध होता आणि त्या खटल्याला तेवढा पुरावा पुरेसा होता. पण पुढच्यांना ही सवड नव्हती.

ऑगस्ट १९४९ मध्ये स्वतंत्र भारताने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य व्ही. के. आर. व्ही. राव आणि आपले धनंजयराव गाडगीळ. समितीने १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये आणि दरडोई २५५ रुपये सांगितले. शेतीसाठी पद्धत सोपी होती: क्षेत्र, उतारा, भाव. अडचण छोट्या धंद्यांची. विणकर, सुतार, टपरीवाला, गाडीवान हिशेब ठेवत नाहीत. तेव्हा समितीने काम करणाऱ्यांची संख्या घेतली आणि तिला माणशी उत्पन्नाने गुणले.

ही पायरी नीट पाहायला हवी, कारण सगळा गुंता इथे आहे. रोजगाराचा आकडा वेगळा, उत्पन्नाचा वेगळा, असे आपण वर्तमानपत्रात वाचतो. प्रत्यक्षात असंघटित क्षेत्रापुरते पाहिले तर उत्पन्नाच्या पोटातच रोजगाराचा आकडा आहे. काम करणारी म्हणून जिला मोजले नाही, तिचे उत्पादनही मोजताना निसटते. २०११-१२ च्या मालिकेत ही पद्धत आणखी बारीक केली. मालक, मजूर आणि घरातला मदतनीस यांना उत्पादकतेचे वेगवेगळे भार दिले. आमच्या शेजारी इचलकरंजी आहे. घरातल्या यंत्रमागावर नवरा उभा असतो आणि बायको कांड्या भरते. कांड्या थांबल्या तर माग थांबतो. तरी हिशेबात नवरा धंदा चालवणारा आणि ती मदतनीस. हा भार कुठल्या तराजूने ठरला, असे विचारावेसे वाटते.

गाडगीळांकडून माझी अपेक्षा जास्त होती, हे कबूल करतो. गोखले संस्थेतून त्यांनी वाई तालुक्यातल्या शेतीव्यवसायाची पाहणी केली, पुणे शहर पालथे घातले. कुटुंब हेच आपल्याकडे कामाचे एकक असते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते? पण एकक कुटुंब असले की कुटुंबाच्या आत कुणाच्या वाट्याला काय, हे दिसेनासे होते. कोयत्याचे तेच झाले आहे.

पुढचा अहवाल मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो. प्रा. दांतवाला यांच्या तज्ज्ञ समितीने १९७० मध्ये बेकारीच्या अंदाजांवर लिहिताना सांगितले की, प्रगत देशांतल्या कल्पना आपल्याला जशाच्या तशा लागू नाहीत आणि बेकारी एका आकड्यात सांगू नये. त्यातून राष्ट्रीय नमुना पाहणीची २७ वी फेरी निघाली. तिच्यात वर्षभराची स्थिती, आठवड्याची आणि रोजची, अशा वेगवेगळ्या फूटपट्ट्या होत्या. ही फेरी चालली ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३. म्हणजे महाराष्ट्राचा तो दुष्काळ! नवी फूटपट्टी हातात घेऊन पाहणीवाले निघाले, तेव्हा आपल्याकडे लाखो माणसे खडी फोडत होती.

त्याच काळात या राज्यात मोजणीची आणखी एक रीत रुजत होती. तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये रोजगाराचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात त्याचे मोल कळले आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ही मदतीची योजना म्हणून येते. मी तिला मोजणीची योजना म्हणेन. मस्टरवर बाईचे नाव वेगळ्या ओळीत येते, हजेरी वेगळी, दर पुरुषाचाच. खोटी मस्टरे झाली, मेलेल्यांच्या हजेऱ्या लागल्या, सगळे मान्य. तरी कागदावर ती जोडीचा अर्धा भाग नव्हती.

आणि आज? नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. सहा वर्षांत एवढी झेप! आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण त्याच पाहणीत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी ३६.७ टक्के घरच्या धंद्यातल्या बिनपगारी मदतनीस आहेत. या झेपेतल्या किती जणींना नवे काम मिळाले आणि किती जणींचे जुनेच काम पाहणीवाल्याला आता दिसू लागले, हे त्या एका टक्केवारीवरून सांगता येत नाही. ती छापून मोकळे होणाऱ्यांनी दांतवाला पुन्हा वाचावेत.

दिसणे-न दिसणे कसे घडते, ते आमच्याच गल्लीत पाहिले. पाहणीवाला मुलगा सभ्य होता. त्याने शेजारच्या वहिनींना विचारले, "तुम्ही काय करता?" त्या म्हणाल्या, "काय न्हाई, घरातच असते." मागे दावणीला दोन म्हशी. वैरण, शेण, धार सगळे त्यांच्याकडे. नियमानुसार दुभती जनावरे सांभाळणे हे आर्थिक कामच आहे, त्यांची गणना व्हायला हवी. पण पहिल्या उत्तरावर मुलाने 'फक्त घरकाम' असा संकेतांक टाकला आणि पुढच्या माणसाकडे वळला. संध्याकाळी त्याच म्हशींचे दूध संस्थेत गेले. तिथल्या यंत्राने त्याची फॅट दशांशात सांगितली. ते दूध देशाच्या उत्पन्नात जमा होते, काढणारी होत नाही. २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकामाला स्त्रिया दिवसाला २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७, असे निघाले. त्या २९९ मिनिटांच्या बाहेर वहिनींची किती मिनिटे म्हशींची, हे त्यांना कुणी विचारले नाही.

तोडणीवाल्या बाईचे त्याहून अवघड. ती घरात नाही, फडात आहे. नियमाने ती मजूर. पण तिची मजुरी किती? टनाचा दर दोघांचा, उचल फेडायची दोघांनी, सही वा अंगठा एकाचा. पाहणीवाल्याने निम्मी-निम्मी केली तर तो त्याचा अंदाज, तिची मजुरी नव्हे. ऊस मात्र काट्यावर किलोपर्यंत मोजला जातो. काटा मारतात म्हणून दरवर्षी आमच्या जयसिंगपुरातल्या ऊस परिषदेत आवाज उठतो आणि तो उठलाच पाहिजे. मीही त्या गर्दीत अनेकदा उभा होतो. कोयत्यात माणसे किती धरायची, हा विषय तिथे निघालेला मी ऐकला नाही. तोंड उघडून मीही कधी काढला नाही.

आता ती वही. गेल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. माझेच अक्षर. त्या हंगामातल्या टोळ्यांची यादी, पुरुषांच्या नावांमागून पुरुषांची नावे, प्रत्येकासमोर १. चौथ्या पानावर एका बाईचे नाव आहे. आठवते थोडे, नवरा आधीच्या वर्षी गेला होता, ती लहान मुलाला घेऊन आली होती. संपूर्ण वहीत बाईचे नाव तेवढे एकच. तिच्यासमोर मी १/२ लिहिले आहे.